मिरज: शिकलगारांच्या गल्लीतला तंबोरा



सरहद्द म्हटलं की आम्हा फौजी माणसांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तार येते. तारेच्या अलीकडे आपला बंकर, पलीकडे त्यांचा, आणि मधल्या जमिनीत गवताशिवाय काही वाढत नाही. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं अशा तारेकडे बघण्यात गेली. त्यामुळे पेन्शन आल्यावर जेव्हा कुणी 'सीमाभाग' म्हणायचं, तेव्हा मला जरा हसूच यायचं. इथे तार नाही, बंकर नाही, रात्री 'कौन है' विचारणारा संत्री नाही. एका गावची पाटी मराठीत, पुढच्या गावची कन्नडमध्ये, आणि दोन्हीकडे ऊस तोच.

सध्या मी राहतो तेही सीमेवरच. बंगळूर जिल्ह्यातलं आनेकल. इथून थोडं पुढे गेलं की अत्तिबेले ओलांडून तमिळनाडू लागतं. पेन्शन आलेली आपली बरीच मंडळी या बाजूच्या कारखान्यांत सिक्युरिटीची नोकरी करतात, मीही करतो. सकाळी गेटवर कन्नड, दुपारी तमिळ, संध्याकाळी घरी मराठी. पण आजचा लेख आनेकलचा नाही, मिरजेचा आहे. बेळगावच्या पोस्टिंगवर मी पुढे लिहीन असं मागे म्हटलं होतं, तेव्हा दोन-तीन जुन्या साथीदारांनी लिहिलं की बेळगावबरोबर मिरजेवरही लिहा. त्या पोस्टिंगमध्ये मिरज आम्ही फक्त प्लॅटफॉर्मवरून बघितली. सुट्टीला जाताना गाडी बदलायची, वडापाव खायचा, काळी पेटी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवायची. पुण्याकडची, कोल्हापूरकडची, पंढरपूरकडची आणि बेळगावकडची अशा चारी बाजूंची गाडी तिथे मिळते. स्टेशनच्या बाहेर एक गाव आहे, हे लक्षात यायला मला तंबोऱ्याचं निमित्त लागलं.

तंबोरा कुणाचा

आमच्या कंपनीत एक हवालदार होता. नाव लिहीत नाही, युनिटवाले ओळखतील. पंढरपूरकडचा, भीमेच्या काठचा. शूटिंगला चांगला, दौडीला मध्यम आणि गळ्याला अव्वल. रविवारच्या मंदिर परेडला पंडितजींची कथा कधी संपते याची आम्ही वाट बघायचो, कारण नंतर हा भजन म्हणायचा. ढोलकी, पेटी आणि झांजा प्रत्येक युनिटच्या मंदिरात असतात. आमच्या मंदिरात तंबोराही होता, आणि तो त्याचा स्वतःचा होता. एका सुट्टीत मिरजेहून घेतलेला. पोस्टिंग आली की आमच्या सगळ्यांच्या सामानात एक ट्रंक आणि एक बिस्तरा असायचा, याच्या सामानात तंबोरा जास्तीचा. राजस्थान, पंजाब, काश्मीर, सगळीकडे तो ब्लँकेटमध्ये गुंडाळून गेला. ट्रेनमध्ये तो स्वतः खाली झोपायचा आणि तंबोरा बर्थवर.

त्याचं एक म्हणणं असायचं. तंबोऱ्याचा भोपळा आमच्याच बाजूचा, कदाचित माझ्या बापाच्याच रानातला. आम्ही त्याची थट्टा करायचो. भोपळ्यावर काय बापाचं नाव लिहिलंय का? पण म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मिरजेच्या वाद्यांना लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूरच्या आसपासच्या रानांतून येतात. ते खायचे नसतात. वेलावर मोठे होऊ द्यायचे, सुकवायचे आणि मिरजेला पाठवायचे.

तो पेन्शन आला आणि चार वर्षांनी आजारपणात गेला. मुलगी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागली म्हणून वहिनी आणि ती आनेकलला आमच्या शेजारीच राहायला आल्या. तंबोरा आला, पण येताना सामानाच्या टेम्पोत भोपळ्याला तडा गेला होता. वर्षभर तो भिंतीला टेकून होता. मुलगी गाणं शिकते, रियाजाला मोबाईलमधला तंबोरा लावते. एका रविवारी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मिरजेला जाऊन एवढा नीट करून आणाल का? पण जसा होता तसाच पाहिजे मला."

'जसा होता तसाच' हे शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यांच्यावरूनच पेच आला.

राणी चन्नम्मा

बंगळूरहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्री सुटते आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला पोचवते. मुलगी बरोबर होती, तंबोरा बर्थवर होता आणि मी बापाच्या जागी खाली बसलो होतो.

ही गाडी ज्या रुळांवरून जाते त्यांच्यावर हिंदुस्थानी गाण्याचा अर्धा इतिहास येऊन जातो. हुबळीच्या अलीकडे कुंदगोळ लागतं, ते सवाई गंधर्वांचं गाव. हुबळीला गंगूबाई हनगल राहायच्या, गुरूंकडे शिकायला कुंदगोळला आगगाडीने जायच्या. हुबळीच्या पूर्वेला गदग, भीमसेन जोशी तिथले. गुरूच्या शोधात घरातून पळाले तेही रेल्वेनेच. पुढे धारवाड, जिथे मल्लिकार्जुन मन्सूर राहिले. मग बेळगाव. आणि शेवटी मिरज, जिथे सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. म्हणजे भीमसेनजींचे आजेगुरू मिरजेत, गुरू कुंदगोळात. भाषा मध्येच बदलते, घराणं बदलत नाही. मुलीला हे मी सांगायला लागलो तर तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग मी गप्प बसून चहा पीत राहिलो.

कुडची, उगार, शेडबाळ अशी स्टेशनं मागे पडली. डब्यात कोण कुठल्या राज्यातलं हे बोलण्यावरून सांगता येईना, कारण एकच माणूस फोनवर कन्नड आणि शेजाऱ्याशी मराठी बोलत होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, रेघ ओढली गेली. तिच्यावरून महाजन आयोग झाला, सुप्रीम कोर्टात दावाही पडून आहे. त्यात मी शिरत नाही. फौजेत राहिलेल्या माणसाला एवढं कळतं की रेघ ओढणारे लोक रेघेवर राहायला येत नसतात.

शिकलगार ते सतारमेकर

मिरजेत वाद्यांची दुकानं एका भागात ओळीने आहेत, सतारमेकर गल्ली म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं. दुकान म्हणजे पुढे शोकेस आणि मागे कारखाना. कारखाना म्हणजे तरी काय, जमिनीवर बसलेली तीन-चार माणसं, कानस, पटाशी, सरसाचं भांडं आणि छताला टांगलेले भोपळे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल एखाद्या मोठ्या झाडाची फळं उलटी लोंबतायत.

या कारागिरांचा इतिहास ऐकला आणि मी सावरून बसलो. हे लोक मुळात शिकलगार. तलवारी, भाले, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. म्हणजे आमच्या भाषेत आर्मरर. इंग्रजी राज्य बसलं, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिरजेच्या पटवर्धनांच्या पदरी गवई यायचे. त्यांची वाद्यं उत्तरेतून आलेली, मोडली तर दुरुस्त करणारा इथे कुणी नाही. असं सांगतात की तेव्हा फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराकडे हे काम आलं, कारण बारीक कारागिरी त्याच्या हातात होती. दुरुस्ती करता करता तो स्वतः सतार, तंबोरे बनवू लागला. आडनावच पुढे सतारमेकर झालं. दीडशे वर्षांहून जास्त काळ हे काम त्या घराण्यांत चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता मिरजेचा तंबोरा हे नाव दुसऱ्या कुणाला लावता येत नाही.

फौजेत हत्यार शिकवणाऱ्याला आम्ही उस्ताद म्हणतो. रिक्रूट असताना रायफल खोलायची, साफ करायची, जोडायची, हे ज्याने शिकवलं तो उस्ताद. या गल्लीतही उस्ताद आहेत, तेही खोलतात, साफ करतात, जोडतात. एका शब्दाने दोन्ही धंदे सांभाळलेत.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते चाचा सत्तरीच्या आसपासचे. ब्लँकेट सोडायच्या आधीच म्हणाले, "बसा की साहेब. कुठनं आलाय?"

"आनेकल. बंगळूरच्या पुढं."

"फौजीतनं?"

"कशावरून ओळखलंत?"

"ब्लँकेटवरनं," म्हणाले. मिलिटरीचं काळं ब्लँकेट लपत नाही.

त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला. आधी तार छेडली नाही. भोपळ्यावर बोटाने टकटक केलं, जसं डॉक्टर छातीवर करतो. मग आत बॅटरी मारून बघितलं. तडा गेलेली जागा होतीच, पण आतल्या बाजूने भोपळ्याला कीडही लागली होती. दांडी सरळ, तबली चांगली, खुंट्या दोन बदलायला हव्यात, घोडी झिजलेली. आणि भोपळा गेलेला.

"ठिगळ लावून देतो म्हणलात तर देतो. भिंतीला टेकून ठेवायचा असंल तर वीस वर्षं टिकंल. वाजवायचा असंल तर भोपळा नवा घालावा लागंल."

वहिनींना जसा होता तसाच हवा होता. आणि ज्या भोपळ्याबद्दल त्याने आयुष्यभर आम्हाला ऐकवलं, तोच नेमका बदलायचा. मी मुलीकडे बघितलं. ती काही बोलेना.

चाचांनी आणखी एक गोष्ट काढली. "कोण गाणार ह्याच्यावर?" तिने स्वतःकडे बोट दाखवलं. "बेटी, हा पुरुषांचा तंबोरा हाय. लांब दांडी. तुझा सूर कुठला?" ती म्हणाली काळी चार. चाचांनी मान हलवली. बायकांच्या आवाजाचा तंबोरा आकाराने लहान असतो, त्याची तार आखूड असते. लांब तार वरच्या सुरापर्यंत ओढली की तुटते. बारीक तारा घातल्या तर तंबोरा दोन-तीन सूर वर चढेल, काळी चारपर्यंत नाही.

म्हणजे प्रश्न आता असा झाला. ठिगळ लावून बापाची आठवण म्हणून ठेवायचा, की भोपळा बदलून त्याच्यावर गायचं? आणि गायचं तर कुठल्या सुरात?

मी म्हणालो, "दांडी कापून लहान करता येईल का?" चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही.

मग त्यांनीच तिला सांगितलं, "एक सा लाव बघू. खालचा. तुला बरा वाटंल तो." तिने लावला. दुकानातली पटाशी थांबली. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा भारी होता, थोडासा बापासारखा. चाचा म्हणाले, "गंगूबाईंचा आवाज ऐकलायस का? पुरुषापेक्षा भारदस्त. खालच्या सुरात गायल्या म्हणून काय कमी गायल्या?"

ती थोडा वेळ गप्प राहिली, मग आईला फोन लावून बाहेर गेली. पाच-सात मिनिटं दुकानाच्या पायरीवर फेऱ्या मारत बोलत होती. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. परत आली आणि म्हणाली, "काका, नवा भोपळा घालू या. शोभेला ठेवायचा असता तर बाबांनी तो काश्मीरपर्यंत नेला नसता."

चाचांनी छताकडचे तीन-चार भोपळे काढून तिच्यासमोर ठेवले. कुठले म्हणून तिने विचारलं. "पंढरपूरकडचे. सगळे तिकडचेच." तिने प्रत्येकावर टकटक करून एक निवडला. जुन्या भोपळ्याचे तुकडे ठेवून घेऊ का, असं चाचांनी विचारलं. चांगला जुना भोपळा ठिगळाला कामाला येतो म्हणाले. कीड न लागलेला अर्धा भाग तिने त्यांना दिला. म्हणजे आमच्या हवालदाराच्या भोपळ्याचा तुकडा आता कुणाच्या तरी तंबोऱ्यात असेल. बर्थवर झोपून काश्मीरला गेलेला आहे, हे त्या गवयाला कळायचं नाही.

जवारी म्हणजे काय

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण मला ते फार आवडलं. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. चारही तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर घासत राहते आणि म्हणून एका तारेतून अनेक सूर फुलल्यासारखे ऐकू येतात. ती जवारी. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तिची नेमकी जागा शोधायची. दोरा केसभर इकडे तिकडे झाला की आवाज मेलेला.

रायफल झिरो करताना आम्ही हेच करतो. फोरसाइट केसभर हलवायची, परत फायर करायचं, परत हलवायची. फरक एवढाच, की आमच्या कामाला टार्गेटवर भोक दिसतं. यांना फक्त कानावर भरवसा ठेवावा लागतो. कानशीने दोन हात मारायचे, फुंकर घालायची, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत दोन हात. एका घोडीवर असा अर्धा दिवस जातो. तोफांच्या आवाजात माझा डावा कान निम्मा गेलेला आहे. जवारी लागली असं चाचा म्हणाले तेव्हा मला फरक कळला नाही, मुलीला कळला. मी तबलीवर हात ठेवला तेव्हा हाताला कळला.

चाचांचा एक नातू या कामात आहे, दुसरा पुण्यात कॉम्प्युटरवर. मोबाईलमधल्या तंबोऱ्याबद्दल त्यांना विचारलं. वाटलं चिडतील. ते म्हणाले, "शिकणाऱ्याला बरा हाय तो. पण त्येला जुळवावं लागत न्हाई ना. जुळवता जुळवता कान तयार होतो, त्ये कसं व्हायचं?"

दर्गा

संध्याकाळी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. मिरजेतलं हे सगळ्यांचं ठिकाण. उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाचा मान असतो. युनिटच्या सर्वधर्मस्थळात एका छताखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा बघायची आम्हाला सवय असते, त्यामुळे अशा जागी फौजी माणसाला लगेच घरच्यासारखं वाटतं.

दर्ग्याच्या आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. कैराना हे उत्तर प्रदेशातलं गाव त्यांचं, त्यावरून किराणा घराणं. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढे मिरजेत स्थायिक झाले. मुलगी हिराबाई बडोदेकर, मुलगा सुरेशबाबू माने, दोघंही मोठे गायक. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांना बरं वाटेना. मद्रासजवळच्या सिंगापेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले आणि तिथेच गेले. तिथून त्यांना मिरजेला आणलं. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं होतं. देशभरातले गवई येतात आणि हजेरी लावून जातात.

आमच्याकडे पोस्टिंगवर गेलेला माणूस परत आणायची रीत पक्की आहे. १९३७ साली, त्या काळच्या गाड्यांनी, एवढ्या लांबून एका गवयाला मिरजेने परत आणलं, हे वाचून होतो. कबरीसमोर उभं राहिल्यावर त्याचा अर्थ जरा वेगळा लागला. मुलगी तिथे बराच वेळ बसली. मी बाहेर चपला सांभाळत बसलो.

किल्ला, आणि लाहोर

दुसऱ्या दिवशी किल्ला बघायला गेलो. किल्ला म्हणून जायचं तर निराशा होईल. भुईकोट, बराचसा पडलेला, आत वस्ती आणि कचेऱ्या. दरवाजा, तटाचे तुकडे आणि खंदकाच्या खुणा शोधाव्या लागतात. पण फौजी नजरेने बघितलं तर जागा महत्त्वाची. कृष्णेचं खोरं, चारी वाटा एकत्र येतात. आज जे जंक्शन आहे ते तेव्हाही जंक्शनच होतं.

अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला आणि मिरजेला वेढा घातला. किल्ला हाती येईना. खंदकाने वेढलेल्या मैदानी किल्ल्याला भारी तोफा लागतात, डोंगरात वाढलेल्या हलक्या फौजेचं ते काम नव्हे. तेवढ्यात सिद्दी जौहर चालून आल्याची खबर आली आणि मार्च १६६० मध्ये महाराज वेढा उठवून पन्हाळ्यावर गेले. वेढा कधी उठवायचा हे कळणं हीसुद्धा सेनापतीची परीक्षा असते. मिरज मराठ्यांकडे आली ती १७३९ साली, शाहू महाराज स्वतः मोहिमेवर आले तेव्हा. नंतर ती पटवर्धनांकडे गेली आणि पटवर्धनांमुळे इथे गाणं आणि नाटक रुजलं. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत नारायण राजहंस शकुंतलेच्या भूमिकेत पहिल्यांदा रंगमंचावर आले तेही मिरजेतच. पुढे लोक त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखू लागले.

पण माझ्या डोक्यात राहिला तो दुसराच मुलगा. कुरुंदवाडचा, फटाक्याने डोळ्यांना इजा झालेला. वडिलांनी उपचारासाठी मिरजेला आणलं. डोळे पूर्वीसारखे होणार नाहीत, पण गळा चांगला आहे, म्हणून त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. तो विष्णू दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये मिरज सोडून तो उत्तरेला निघाला आणि ५ मे १९०१ रोजी त्याने गांधर्व महाविद्यालय काढलं, लाहोरला.

अमृतसरच्या बाजूला असताना रात्रीच्या ड्यूटीवर पश्चिमेचं आकाश उजळलेलं दिसायचं. सीनियर सांगायचे, ते लाहोर. आमच्यासाठी लाहोर म्हणजे नकाशावरचा एक गोल आणि आकाशातला तेवढा उजेड. मिरजेत शिकलेल्या, डोळे अधू असलेल्या एका मराठी तरुणाने तिथे जाऊन शाळा काढली होती आणि लोकांकडून वर्गणी गोळा करून चालवली होती, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. तेव्हा मध्ये तार नव्हती. पलुस्कर १९३१ साली गेले, तेही मिरजेतच. त्यांच्या शिष्यांनी चालवलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्यालय आजही मिरजेत आहे. गाण्याच्या परीक्षा दिलेल्या लाखो मुलांच्या सर्टिफिकेटवर ते नाव असतं.

दवाखाने आणि पाणी

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. मिरज ही दवाखान्यांची नगरी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी सर्जनने १८९४ साली इथे इस्पितळ उभं केलं, पुढे वैद्यकीय शाळा चालवली, आणि तेव्हापासून रेघेच्या दोन्ही बाजूंचे पेशंट इथे येतात. स्टेशनजवळ लॉजमध्ये उतरलात तर निम्मे लोक पेशंटचे नातेवाईक असतात. आमच्या शेजारच्या खोलीत विजापूरकडचं एक जोडपं होतं. रात्री मुलगी सुरात गुणगुणत होती, तर त्या बाईंनी दार वाजवलं. वाटलं आवाजाची तक्रार आहे. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, दार उघडं ठेवून म्हण, म्हणजे ह्यांनाही ऐकू येईल.

दुसरी गोष्ट २०१६ ची. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मी लातूर जिल्ह्यातला. माझ्या बहिणीच्या घरात ते पाणी आलं होतं. मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो तेव्हा या गोष्टीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

जाणार असाल तर

दोन दिवस हातात ठेवा. सतारमेकर गल्लीत सकाळी अकरानंतर जा, दुपारी जेवणाच्या वेळी नको. काही घ्यायचं नसलं तरी लोक बसवून दाखवतात, पण कारागीर जवारी लावत असेल तर बोलू नका. दर्गा, लक्ष्मी मार्केट, वेणास्वामींचा मठ, कृष्णेचा घाट, सगळं रिक्षाने होतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं असतं, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीला स्वागत कमानी बघण्यासारख्या. वेळ असेल तर म्हैसाळवरून कागवाडपर्यंत जाऊन या. रेघ कुठे ओलांडली ते कळलं तर मला जरूर कळवा.

तंबोरा दीड महिन्याने तयार झाला. आणायला मुलगी एकटीच गेली. चाचांनी बारीक तारा घालून तो दोन सूर वर चढवला आहे आणि ती रियाजाला दोन सूर खाली उतरली आहे. वहिनींनी पहिल्या दिवशी भोपळ्यावरून हात फिरवला आणि "हा तो नाही" एवढंच म्हणाल्या. आता सकाळी साडेपाचला, माझी पहिली शिफ्ट असते तेव्हा, जिन्यातून उतरताना त्यांच्या दारातून खर्ज ऐकू येतो. परवा दार उघडं होतं. मुलगी अजून उठलेली नव्हती. तंबोरा वहिनी छेडत होत्या.

पुढच्या लेखात बेळगाव, या वेळी नक्की.

जय हिंद.